हळदीच्या पट्ट्या, आठ भिंगं

पहाटे ५.३०, डिचोली
आज २८ फेब्रुवारी, विज्ञान दिन. पेडण्यातल्या एका हायस्कुलाचा प्रयोगशाळा परिचर बोटं घासतोय. काल रात्री त्याने टिपकागदाच्या साठ पट्ट्या हळदीच्या पाण्यात बुडवून दोरीवर वाळत घातल्या होत्या. साबण लावला की हळद लाल होते, हात आणखीच वाईट दिसतो. शेवटी तो तसाच निघतो.

सकाळी ६.४५, म्हापसा
इथे बस बदलायची. रोज शंभराची नोट भाड्यातच जाते. पगार महिना चौदा हजार, तोही कंत्राटावर. बसस्टँडजवळ तो झेंडू-शेवंतीचा हार घेतो. बाई ऐंशी सांगते, साठवर येते. पानाच्या गाड्यावरून दहा रुपयांचा चुना. शाळेने दिलेल्या शंभरातले तीस उरले. भाजी-पाव मात्र स्वतःच्या पैशांनी.

७.३५, पेडणे
प्रयोगशाळेचं कुलूप जरा उचलून धरल्याशिवाय उघडत नाही. आधी झाडू, मग परीक्षानळ्या. ब्रश आत घालायचा, दोनदा फिरवायचा, नळी उलटी करून स्टँडला लावायची. फुटली तर वहीत नोंद होते. कपाटातून आठ भिंगं निघतात. तो ती सदऱ्याच्या टोकाने पुसतो आणि मोजतो.

८.१०
शास्त्रज्ञ डॉ. रघुनाथ माशेलकरांचा फोटो लावायचा आहे. शिडी नाही. बाकावर स्टूल ठेवून तो चढतो, शिपाई खालून धरतो. "डावीकडे घे रे थोडा." खिळा जुनाच आहे. हार मोठा निघाला, खाली लोंबतो. तो दोऱ्याला गाठ मारून आखूड करतो.

८.४०
टीचर मुलांना सांगतात. माशेलकरांचा जन्म १९४३ चा, गोव्यातल्या माशेलचा. वडील लवकर गेले. आई मुलाला घेऊन मुंबईत गिरगावात राहिली, मिळेल ते काम केलं. बारा वर्षांचा होईपर्यंत मुलाच्या पायात चप्पल नव्हती. हायस्कुलाच्या प्रवेशाला एकवीस रुपये हवे होते. ते जमवायला आईला एकवीस दिवस लागले. परिचर मागच्या बाकाशी उभा राहून पट्ट्यांचे गठ्ठे बांधतोय. एकवीस रुपये म्हटल्यावर त्याचा हात थांबतो. मग तो पुढचा गठ्ठा घेतो.

९.४५
प्रत्येक मुलाला एक पट्टी. चुन्याच्या निवळीचा थेंब पडला की पिवळं लाल होतं. वर लिंबू पिळलं की परत पिवळं. वर्गात गलका होतो. टीचर त्यातच पुढचं सांगतात. हळदीने जखम भरते, यावर १९९५ साली अमेरिकेत मिसिसिपीच्या दोन संशोधकांना पेटंट मिळालं. माशेलकर त्याच वर्षी सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेचे महासंचालक झाले. संस्थेने पेटंटला आव्हान दिलं, जुन्या ग्रंथांतले आणि लेखांतले ३२ संदर्भ पुढे ठेवले. १९९७ मध्ये पेटंट रद्द झालं. मागच्या बाकावरची मुलगी म्हणते, "आजी खरचटलं की हळदच लावते." "तेच तर सिद्ध करायचं होतं," टीचर म्हणतात.

११.१०, अंगण
ऊन आता कामाचं झालंय. परिचर कागदांवर पेन्सिलीने काळे ठिपके काढून देतो. काळं लवकर पेटतं. भिंग वर-खाली करायचं, उजेडाचा गोल टाचणीच्या डोक्याएवढा झाला की हात स्थिर ठेवायचा. आधी धूर येतो, मग तपकिरी कडा, मग भोक. पाण्याची बादली त्याने आधीच शेजारी आणून ठेवलीय. माशेलकरांच्या शाळेतले भावे सर असंच भिंग धरून कागद जाळायचे आणि सांगायचे, शक्ती एका जागी आणली की काहीही जाळता येतं. ही गोष्ट माशेलकर पुढे जगभर सांगत आले. एक पोरगा चपलेचा पट्टा जाळायला निघतो. परिचर मनगट धरतो. "कागद जाळ, बाबा. चपला पैशांनी येतात."

दुपारी १.३०
शाळा सुटते. भिंगं मोजली, सातच भरतात. आठवं बादलीच्या तळाशी सापडतं. लाल-पिवळ्या पट्ट्या जमिनीला चिकटल्यात, त्या नखाने काढाव्या लागतात. टेबलावरचा चुना ओल्या फडक्याने दोनदा पुसला तरी पांढरा ओरखडा राहतोच.

२.२०, ऑफिस
तो तीस रुपये टेबलावर ठेवतो. क्लार्क बिल मागतो. हाराचं बिल नाही, चुन्याचंही नाही.
"फुलवाली कसलं बिल देते?"
"मग व्हाऊचर भर. कशासाठी घेतलं ते लिही."
तो पिवळ्या बोटांत पेन धरतो. 'डॉ. माशेलकर यांच्या फोटोस हार, रु. ६०. प्रयोगासाठी चुना, रु. १०.' खाली सही करतो. क्लार्क म्हणतो, मंजुरी सोमवारी. पावणेतीनची म्हापशाची बस गाठायची तर आता पळायलाच हवं.