स्टेपनी, डिकी आणि घरचा शब्दकोश

मोटारीच्या मागच्या सामानाच्या कप्प्याला आपण ‘डिकी’ म्हणतो. इंग्लंडमध्ये त्याला ‘बूट’ म्हणतात, तर अमेरिकेत ‘ट्रंक’. जुन्या मोटारींच्या मागील बाजूस, टपाबाहेर, एक उघडे जादा आसन असे. त्याचे नाव ‘डिकी सीट’. ते आसन कालौघात गेले आणि त्याच्या जागी आलेल्या कप्प्याला भारतात ते नाव चिकटले. ‘स्टेपनी’ची कथाही अशीच. आरंभीच्या मोटारींना जादा चाक नसे. वेल्समधील लानेली येथे १९०४ मध्ये पंक्चर झालेल्या चाकाला जोडता येईल असे बिनआऱ्यांचे चाक तयार झाले. तेथील स्टेपनी रस्त्यावरून त्याला नाव मिळाले. ‘डॅशबोर्ड’ म्हणजे मूळची घोडागाडीची फळी. घोड्याच्या टापांनी उडणारा चिखल अडवणारी. तात्पर्य, आज अधिकृत वाटणारी ही नावेदेखील एकेकाळी सोयीने पडलेलीच होती.

घराघरांत मोटारीच्या भागांना मिळणारी टोपणनावे याच रीतीने जन्मतात. कधी रूपावरून दिवे ‘डोळे’ होतात, कधी आवाजावरून हॉर्न ‘भोंगा’ होतो, तर कधी कामावरून एखादा कप्पा ‘खाऊचा’ ठरतो. मुलांना भागाचे खरे नाव ठाऊक नसते. पण त्याची ओळख मात्र पक्की असते. लांबच्या प्रवासात हे शब्द वारंवार उच्चारले जातात आणि रुजतात.

चंद्रपूर व गडचिरोली या वनजिल्ह्यांत अशा प्रवासाला विशेष अर्थ होता. १९८२ मध्ये गडचिरोली वेगळा होण्यापूर्वी हा सारा मुलूख एकाच जिल्ह्यात होता. चंद्रपूरहून गोंडपिपरी, आष्टीमार्गे आलापल्लीला आणि पुढे प्राणहिता-गोदावरीच्या संगमाकडे, सिरोंचाला जाताना सागवानाचे दाट जंगल लागते. भामरागडचा रस्ता पावसाळ्यात पर्लकोटेच्या पुराने अनेकदा बंद पडतो. उन्हाळा तर असा कडक, की जुन्या अॅम्बेसेडर वा फियाटच्या इंजिनाला वाटेत थांबून निववावे लागे. अशा वाटेवर पाण्याचा डबा आणि हवा भरलेली स्टेपनी ही चैन नव्हती. सुखरूप परतण्याची ती हमी होती. त्यामुळेच या वस्तूंविषयीची जवळीक मुलांच्या शब्दांतही उतरली.

आता त्या वस्तूच मावळत आहेत. थंड इंजिन सुरू करताना ओढायची चोकची मूठ, खिडकीलगतची वळणारी तिकोनी काच, स्टिअरिंगच्या दांड्यावरचा गिअर आजच्या मोटारींत सहसा दिसत नाहीत. ट्यूबलेस टायर, हवेचा दाब दर्शविणारी यंत्रणा आणि पंक्चर दुरुस्तीचा संच असल्यास जादा चाक नसले तरी चालेल, अशी मुभा २०२० मध्ये नियमांत देण्यात आली. अॅम्बेसेडरचे उत्पादनही २०१४ मध्ये थांबले.

वस्तू गेली तरी शब्द टिकू शकतो, हे ‘डिकी’ने सिद्ध केले आहे. परंतु ‘डिकी’ सर्वांची होती. घरचा शब्द फक्त चार-पाच जणांचा असतो. गाडी विकली जाते, मुले दूरच्या शहरांत जातात, आणि तो शब्द कोणत्याही कोशात सापडत नाही. जुन्या छायाचित्रांच्या मागे ठिकाण आणि साल लिहिण्याची पद्धत आहे. गाडीच्या छायाचित्रामागे तिच्या भागांची घरची नावेही लिहून ठेवली, तर नातवंडांना त्या प्रवासाचा आवाजसुद्धा ऐकू येईल.