आकाशातील अंतर आणि घड्याळातील वेळ

पांढुर्णा आणि सौंसर ही गावे मध्य प्रदेशात असली, तरी तेथील मराठी माणसाची वाट नागपूरकडेच वळते. २०२३ साली या दोन तहसिलींचा मिळून पांढुर्णा जिल्हा झाला. परंतु मुंबईचे विमान गाठावयाचे, तर वाट सहसा नागपूरचीच धरली जाते. “नागपूरहून मुंबई दीड तास,” असे आपण सहज म्हणतो. हा दीड तास येतो कोठून, आणि तो खरोखर दीडच तास असतो काय, हे पाहू.

प्रथम अंतर मोजू. नागपूर व मुंबई यांच्या अक्षांशांत सुमारे २ अंशांचा फरक आहे. एका अक्षांशाचे अंतर सुमारे १११ किलोमीटर; म्हणजे दक्षिणोत्तर अंतर २२२ किलोमीटर झाले. रेखांशांतील फरक ६ अंशांहून थोडा अधिक. आपल्या भागात रेखांशाचा एक अंश सुमारे १०४ किलोमीटरांचा पडतो. म्हणून पूर्वपश्चिम अंतर ६४५ किलोमीटर. आता काटकोन त्रिकोणाचा शाळेतील सिद्धान्त लावला, की सरळ रेषेचे अंतर सुमारे ६८० किलोमीटर निघते. वर्धा, बडनेरा, भुसावळ असा वळसा घेत जाणाऱ्या आगगाडीला हेच अंतर सुमारे ८४० किलोमीटर पडते.

ताशी ८०० किलोमीटर वेगाने हे अंतर कापण्यास एक्कावन्न मिनिटे पुरावीत. पण विमान धावपट्टीपर्यंत सावकाश जाते, उंची गाठताना व उतरताना वेग कमी असतो, आणि मुंबईवर गर्दी असल्यास घिरट्या घालाव्या लागतात. हिवाळ्यात उंचावरील पश्चिमेचे वारे मुंबईकडे जाताना विरोध करतात, परतताना साहाय्य करतात. हे सारे धरून वेळापत्रकात दीड तास लिहिला जातो.

नागपूरच्या मध्यवर्ती स्थानाचा उपयोग पूर्वीही झाला आहे. ३० जानेवारी १९४९ रोजी रात्रीच्या हवाई टपालाची योजना सुरू झाली. दिल्ली, मुंबई, कलकत्ता व मद्रास येथून निघालेली विमाने मध्यरात्री नागपूरला एकत्र येत, टपालाच्या थैल्या बदलत आणि पहाटे परतत. चारही शहरे येथून सरळ रेषेने हजार किलोमीटरांच्या आत आहेत, म्हणूनच एका रात्रीत हे साधे.

आता प्रवाशाचा हिशेब. पांढुर्णा व सौंसर येथून येणाऱ्या दोन्ही वाटा सावनेरला मिळतात. विमानतळ मात्र नागपूरच्या दक्षिण अंगास, सोनेगावला आहे. शहराला वळसा घालून पोहोचण्यास पांढुर्ण्याहून अडीच तास धरावेत. उड्डाणापूर्वी दोन तास हजर असावे. मग दीड तास आकाशात, आणि मुंबईत सामान घेऊन रुग्णालयाच्या दारी जाण्यास आणखी दीड तास. बेरीज साडेसात तास! सौंसर नागपूरला जवळ. तेथील माणसाचा तासभर वाचेल, इतकेच.

म्हणून रुग्णाला घेऊन मुंबईस दुपारी दोन वाजता डॉक्टरांना भेटावयाचे असेल, तर साडेनऊचे विमान निवडावे आणि पांढुर्ण्याहून पहाटे पाचला निघावे. त्यात दीड तासाची सवड उरते. विमानास विलंब होण्याचे भय असेल, अथवा रुग्णास आडवे पडून जाणे बरे वाटत असेल, तर आदल्या रात्रीची आगगाडीच हितकर. तिकिटावरील वेळ ही विमानाची असते. आपली वेळ घराच्या उंबरठ्यापासून मोजावी.