दोनशे नऊ नावांनंतर

२६ जून १९९९. बॉस्टन शहरात नॅशनल हॉकी लीगचा, म्हणजे एनएचएलचा वार्षिक ड्राफ्ट भरला होता. आइस हॉकीतल्या या सगळ्यात मोठ्या लीगचे संघ ड्राफ्टमध्ये पाळीपाळीने एकेका पोराचं नाव पुकारतात आणि त्या पोरावरचा हक्क मिळवतात. इथे बोली लागत नाही, लिलाव होत नाही. त्या दिवशी सर्वांत आधी पुकारलं गेलं ते चेक प्रजासत्ताकाच्या पॅट्रिक स्टेफानचं नाव. मग दुसरं, दहावं, शंभरावं. दोनशे नऊ नावं पुकारून झाल्यावर डेट्रॉइट रेड विंग्ज संघाने स्वीडनच्या एका किरकोळ अंगाच्या मुलाचं नाव घेतलं. हेन्रिक झेटरबर्ग.

पुढे काय झालं बघा. पहिल्या क्रमांकाचा स्टेफान दुखापतींशी झगडत ४५५ सामने खेळला आणि त्याने ६४ गोल केले. दोनशे दहावा झेटरबर्ग १,०८२ सामने खेळला. त्याने ३३७ गोल केले, २००८ मध्ये स्टॅनली कप, म्हणजे एनएचएलच्या विजेतेपदाचा करंडक जिंकला, त्या बाद फेरीचा सर्वोत्तम खेळाडू ठरला आणि पुढे डेट्रॉइटचा कर्णधार झाला.

मग निवडणारे अडाणी होते का? मुळीच नाही. प्रत्येक संघाचे स्काउट असतात आणि त्यांचं सगळं आयुष्य गारठलेल्या रिंकच्या, म्हणजे बर्फाच्या मैदानाच्या बाकांवर जातं. पोरं बघायची, पुन्हा बघायची, टिपणं काढायची, हेच त्यांचं काम. गंमत अशी की खुद्द डेट्रॉइटनेही त्या दिवशी झेटरबर्गच्या आधी दुसरी पोरं घेतली होती! म्हणजे ज्यांना तो सापडला त्यांनाही काय सापडलंय हे पुरतं उमगलं नव्हतं. इतक्या जाणत्या माणसांना इतका मोठा खेळाडू दिसू नये, हे कसं?

कारण ती माणसं समोरचा मुलगा बघतच नसतात. त्यांना बघायचा असतो त्याच मुलातला, अजून अस्तित्वात न आलेला, चोवीस-पंचवीस वर्षांचा माणूस.

आधी खेळ किती कठीण आहे ते समजून घेऊ. जेमतेम तीन मिलिमीटर रुंदीच्या पोलादी पात्यावर उभं राहायचं. त्या पात्याला खालून बारीक खाच पाडलेली असते, त्यामुळे प्रत्येक पायाखाली दोन धारा तयार होतात, एक आतली आणि एक बाहेरची. वळताना, थांबताना, उलटं धावताना कोणत्या क्षणी कोणत्या धारेवर भार द्यायचा, हे विचार करून जमत नाही. ते पायांनाच ठाऊक असावं लागतं. वर हातात लांब स्टिक. तिच्या टोकाशी पक, म्हणजे घट्ट रबराची चकती. ती जास्त उसळू नये म्हणून सामन्याआधी चक्क गोठवून ठेवतात! आणि हे सारं चालू असताना अंगावर येणाऱ्या नव्वद किलोंच्या गड्याचा अंदाज घ्यायचा.

हा वेग माणसाला फार वेळ झेपत नाही. म्हणून एक खेळाडू सलग पाऊण मिनिटच खेळतो, मग कठड्यावरून बाकाकडे उडी मारतो आणि त्याच्या जागी दुसरा बर्फावर उतरतो. खेळ मात्र थांबत नाही. पाऊण मिनिटाची अशी पंचवीसेक आवर्तनं म्हणजे एका खेळाडूचा एक सामना. त्या तुकड्यांमधून स्काउटने माणूस ओळखायचा, आणि तोही सतरा-अठरा वर्षांचा, ज्याची उंची अजून वाढते आहे.

मोजमाप तरी कामी येत असेल? ड्राफ्टआधी निवडक मुलांची कसून शारीरिक चाचणी होते. सायकलवर तीस सेकंद जीव खाऊन पायडल मारायचे, लांब उडी मारायची, दांड्याला लटकून शरीर वर खेचायचं. २०१४ मध्ये सॅम बेनेट नावाच्या मुलाला दांड्यावर एकदाही स्वतःला वर खेचता आलं नाही. एकदाही! बातम्या झाल्या. कॅलगरी फ्लेम्सने त्याला तरीही चौथ्या क्रमांकावर घेतलं. त्याच बेनेटने पुढे फ्लोरिडा पँथर्सकडून २०२४ आणि २०२५ असे लागोपाठ दोन स्टॅनली कप जिंकले आणि २०२५ च्या बाद फेरीत तो सर्वोत्तम खेळाडू ठरला. दांड्याने दांड्यापुरतं खरं सांगितलं होतं, इतकंच.

आता सगळ्यात थक्क करणारी गोष्ट. ती उघड छापलेली असूनही वर्षानुवर्षं कुणाच्या नजरेत भरली नव्हती.

१९८०च्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. कॅनडातल्या लेथब्रिज गावात मानसशास्त्रज्ञ रॉजर बार्न्सली सहकुटुंब हॉकीचा सामना बघायला गेले होते. त्यांच्या पत्नी पॉला सामन्याची पुस्तिका चाळत होत्या. खेळाडूंच्या नावांपुढे जन्मतारखा होत्या. जानेवारी, फेब्रुवारी, जानेवारी, मार्च... सगळे वर्षाच्या सुरुवातीलाच कसे जन्मले? बार्न्सलींनी मग इतर संघांच्या याद्या काढल्या आणि १९८५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला. वरच्या दर्जाच्या कुमार हॉकीत ढोबळमानाने दहांपैकी चार खेळाडू जानेवारी ते मार्चमध्ये जन्मलेले, तर ऑक्टोबर ते डिसेंबरमधला जेमतेम एक!

ग्रहताऱ्यांचा यात काही संबंध नाही. कॅनडात मुलांचे वयोगट १ जानेवारीला धरून पाडतात. त्यामुळे २ जानेवारीला जन्मलेला मुलगा आणि त्याच वर्षी ३० डिसेंबरला जन्मलेला मुलगा एकाच गटात खेळतात. नवव्या-दहाव्या वर्षी एका वर्षाचा फरक म्हणजे केवढा! जानेवारीवाला वीतभर उंच, अंगाने भरलेला, पायांवर स्थिर. प्रशिक्षकाला तो गुणी वाटतो. त्याची निवडक संघात वर्णी लागते. तिथे त्याला जास्त सराव मिळतो, जास्त सामने मिळतात, चांगला शिकवणारा मिळतो. दोन वर्षांनी तो खरोखरच जास्त चांगला झालेला असतो. सुरुवातीचा चुकीचा अंदाज असा स्वतःलाच खरा करून दाखवतो. डिसेंबरवाला बिचारा केव्हाच घरी बसलेला असतो.

या गोष्टीचा उत्तरार्ध मला तर पूर्वार्धाहून विलक्षण वाटतो. २०१३ मध्ये रॉबर्ट डीनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० ते २००७ या काळात ड्राफ्ट झालेल्या कॅनडाच्या खेळाडूंचा हिशोब मांडला. जुलै ते डिसेंबरमध्ये जन्मलेले खेळाडू निवडीत होते ३४ टक्के. पण एनएचएलमधले प्रत्यक्ष सामने ते खेळले ४२ टक्के आणि गुण मिळवले ४४ टक्के! म्हणजे चाळणीतून जे थोडे उशिराचे जीव टिकले, ते नंतर आपल्या वाट्यापेक्षा कितीतरी जास्त खेळले. स्काउटसुद्धा अठराव्या वर्षी वयाने थोरल्या मुलालाच झुकतं माप देत होते. मोठेपण आणि मोठा खेळ यांची अशी गल्लत तज्ज्ञांच्या नजरेतही मुरलेली होती.

तारखांचा खेळ इथेच संपत नाही. ड्राफ्टला उभं राहायचं तर १५ सप्टेंबरपर्यंत अठरा पूर्ण हवेत. ऑस्टन मॅथ्यूजचा जन्म १७ सप्टेंबर १९९७ चा. दोन दिवसांनी हुकला! २०१५ ऐवजी त्याला २०१६ पर्यंत थांबावं लागलं. मधल्या वर्षी तो स्वित्झर्लंडला गेला आणि झुरिकच्या संघातून बाप्या माणसांविरुद्ध खेळला. पुढच्या ड्राफ्टमध्ये टोरंटोने त्याला पहिल्या क्रमांकावर उचललं आणि १२ ऑक्टोबर २०१६ ला, एनएचएलमधल्या पहिल्याच सामन्यात, त्याने चार गोल ठोकले. आधुनिक काळात पदार्पणात असं कुणीच केलं नव्हतं.

हा मॅथ्यूज वाढला कुठे, ठाऊक आहे? अॅरिझोनाच्या वाळवंटात. १९९६ मध्ये तिथे एनएचएलचा संघ आला, म्हणून तर तिथल्या पोरांना हा खेळ कळला. पूर्ण मापाची रिंक तिथे दुर्मीळ. त्यामुळे तो बराचसा खेळला लहानशा रिंकवर, तिघांविरुद्ध तिघे. पूर्ण रिंक दोनशे फूट लांब आणि पंच्याऐंशी फूट रुंद असते. तिच्यावर सहा-सात वर्षांची पोरं सोडली तर एखादं दांडगं पोर पक घेऊन सुसाट सुटतं आणि बाकीची मागे धावत राहतात. जागा आक्रसली की चित्र पालटतं. पक सारखा प्रत्येकाकडे येतो, अंगावर सतत कुणीतरी असतं, दर क्षणी वळावं लागतं, निसटावं लागतं, काही तरी ठरवावं लागतं. उणीव म्हणावी तीच शिक्षक झाली! अमेरिकेच्या हॉकी संघटनेने २००९ पासून आपल्या नव्या प्रशिक्षणपद्धतीत हेच आणलं. आठ वर्षांखालच्या मुलांसाठी रिंकचे आडवे भाग पाडायचे आणि एकेका भागात छोटे सामने लावायचे. किती आईबापांना तेव्हा वाटलं असेल की आपल्या पोराला अर्धवट हॉकी शिकवताहेत. खरं तर त्याच्या वाट्याची हॉकी वाढली होती.

पंधरा-सोळाव्या वर्षी आणखी एक वळण येतं. कॅनडातल्या कुमारांच्या तीन मोठ्या लीगमध्ये निवड झाली की मुलगा घर सोडतो, कधी हजार किलोमीटरवरच्या गावात जातो आणि तिथल्या एखाद्या कुटुंबात राहतो. ते कुटुंब त्याला जेवूखाऊ घालतं, शाळेला पिटाळतं, रात्री बसमधून उशिरा परतला तर दार उघडतं. सोळा वर्षांचा मुलगा आणि परकं घर! खेळाडू घडवण्याच्या चर्चेत या माउल्यांचं नाव फारसं येत नाही. माझ्या मते ते अगदी वरच्या ओळीत यायला हवं.

ड्राफ्ट झाला म्हणजे गंगेत घोडं न्हालं असं आपल्याला वाटतं. पण खरं पिकणं तिथून सुरू होतं. कोकणातला बागायतदार हापूस झाडावरून हिरवाच उतरवतो आणि पेंढ्यात अढी लावून ठेवतो. आंबा तयार आहे तो, पण खायला नाही. ड्राफ्ट झालेला मुलगा नेमका तसा. त्याची अढी म्हणजे बहुधा अमेरिकन हॉकी लीग, १९३६ पासून चालत आलेली, एनएचएलच्या एक पायरी खालची. एनएचएलमधले दहांपैकी जवळजवळ नऊ खेळाडू तिच्यातून वर आले आहेत. वरच्या संघात एकोणीस-वीस वर्षांच्या मुलाला सामन्यात आठ मिनिटं मिळतील, तीही धाकधुकीत. इथे त्याला अठरा मिनिटं मिळतात. चुकायची मुभा मिळते, चूक पुन्हा बघायला वेळ मिळतो.

घाई होऊ नये म्हणून नियमांनीही एक बांध घातला आहे. अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलाला एनएचएलमध्ये नऊ सामने खेळवून परत पाठवलं तर त्याच्या कराराचं पहिलं वर्ष मोजलं जात नाही. दहाव्या सामन्याला उतरवलं की करार धावू लागतो. म्हणून मोसम सुरू झाला की कुठल्या ना कुठल्या गावात नवव्या सामन्यानंतर एक पोरगा व्यवस्थापकाच्या फोनची वाट बघत असतो.

या थांबण्यात डेट्रॉइटवाले पटाईत होते. त्यांचा गोलरक्षक जिमी हॉवर्ड २००३ मध्ये निवडला गेला आणि चार मोसम खालच्या ग्रँड रॅपिड्स संघात मुरला. झेटरबर्गला त्यांनी तीन वर्षं स्वीडनमध्येच खेळू दिलं. आणि पावेल दात्स्युक? हा रशियाच्या येकातेरिनबर्गचा, अंगाने लहानखुरा. ड्राफ्टमध्ये आधी कुणीच न घेतलेला. डेट्रॉइटचे युरोपातले स्काउट हाकान अँडरसन दुसऱ्याच एका खेळाडूला बघायला मॉस्कोला गेले आणि त्यांची नजर समोरच्या संघातल्या या छोट्या गड्यावर खिळली. १९९८ मध्ये तो १७१वा निवडला गेला, तेव्हा वीस वर्षांचा होत आला होता. एनएचएलमध्ये उतरला तेविसाव्या वर्षी. समोरच्याच्या स्टिकवरून पक अलगद काढून घेण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. २०२४ मध्ये तो हॉकीच्या हॉल ऑफ फेममध्ये गेला.

सगळ्यात सावकाश पिकतात ते गोलरक्षक. त्यांना वेगाइतकीच गरज असते ती नमुने ओळखण्याची. नेमबाजाचा खांदा कसा वळला, स्टिकच्या पात्याचा कोन काय झाला, मधे कोणाचे पाय आडवे येणार. हे ज्ञान हजारो फटके अंगावर घेतल्याशिवाय येत नाही. त्याला जवळची वाटच नाही.

अमेरिकेतल्या व्हरमॉन्ट विद्यापीठाच्या संघात १९९० च्या दशकात दोन मुलं एकत्र खेळत होती. गोलात टिम थॉमस आणि पुढच्या फळीत मार्टिन सां लुई. थॉमस १९९४ च्या ड्राफ्टमध्ये २१७वा होता. ज्या क्विबेक संघाने त्याला निवडलं तो संघ पुढच्याच वर्षी गाव सोडून डेन्व्हरला गेला. थॉमस फिनलंड, स्वीडन आणि खालच्या लीगमधून वर्षानुवर्षं फिरत राहिला आणि बॉस्टनचा नेहमीचा गोलरक्षक झाला तेव्हा एकतीस वर्षांचा होता. पाच फूट आठ इंचांच्या सां लुईला तर कुणी ड्राफ्टमध्ये घेतलंच नाही. कॅलगरीने नंतर घेतलं आणि २००० मध्ये सोडून दिलं. २००४ मध्ये तो लीगमधला सर्वाधिक गुणांचा मानकरी होता, सर्वांत मौल्यवान खेळाडू होता आणि टँपा बे संघाबरोबर स्टॅनली कपचा विजेताही. थॉमसला आणखी सात वर्षं लागली. २०११ च्या अंतिम फेरीचा सातवा, निर्णायक सामना व्हँकुव्हरला झाला. बॉस्टनने तो ४-० असा जिंकला. थॉमसने एकही गोल होऊ दिला नाही. बाद फेरीतला सर्वोत्तम खेळाडू म्हणून त्याचं नाव पुकारलं गेलं तेव्हा तो सदतीस वर्षांचा होता आणि त्याच्याइतक्या वयाच्या कुणाला तो मान त्याआधी मिळाला नव्हता.