जाळी घेताना नंबर विचारा

खिडकीसाठी जाळी घ्यायला गेलेला माणूस आधी रंग बघतो, मग भाव करतो. जाळीचे खरे काम मात्र तिच्या भोकांत असते. तारेची जाळीही मागावरच विणतात. उभ्या तारांचा ताणा, आडव्या तारांचा बाणा. एका इंचात किती घरे बसली तो तिचा नंबर, म्हणजे मेश. नंबर जितका मोठा तितके घर लहान. मातीतला गाळ आणि चिकणमाती वेगळी काढणाऱ्या २०० मेशच्या चाळणीचे घर जेमतेम ७५ मायक्रॉनचे, म्हणजे मिलिमीटरचा तेरावा भाग!

एवढ्याशा घरांनी माणसांचे जीव वाचवले आहेत. १८१२मध्ये इंग्लंडमधल्या फेलिंगच्या कोळसा खाणीत वायूचा स्फोट होऊन ९२ जण गेले. त्यानंतर १८१५मध्ये हंफ्री डेव्हीने दिव्याच्या ज्योतीभोवती बारीक जाळी बसवली. ज्योतीची उष्णता तारा शोषून घेतात, त्यामुळे जाळीबाहेरचा वायू पेट घेण्याइतका तापतच नाही. अट एकच : जाळी अखंड हवी. तिला एक भोक पडले, की तो दिवा उघड्या ज्योतीइतकाच घातक.

डासांचेही तसेच. मलेरिया डासांतून पसरतो हे रोनाल्ड रॉस यांच्या १८९७च्या सिकंदराबादेतल्या शोधाने दिसू लागले होते, तरी लोकांना पटत नव्हते. म्हणून १९००च्या उन्हाळ्यात सॅम्बन आणि लो हे दोन डॉक्टर रोमजवळच्या ओस्टियाच्या मलेरियाग्रस्त दलदलीत झोपडी बांधून राहिले. दारे-खिडक्यांना जाळी, सूर्यास्ताआधी आत यायचे, क्विनाइन घ्यायचे नाही. हंगाम संपेपर्यंत दोघांनाही मलेरिया झाला नाही. मला हा प्रयोग फार मोलाचा वाटतो, कारण त्यातला उपाय कोणत्याही सुताराला जमण्यासारखा होता.

आज डासांसाठी १८ बाय १६ मेशची जाळी सर्रास चालते. तिचे घर सव्वा मिलिमीटरच्या आसपास असते. तार जाड असेल तर त्याच नंबरात वारा कमी येतो, म्हणून तारेची जाडीही विचारा. कोकणात खाऱ्या हवेने साधी लोखंडी जाळी लवकर गंजते. तिथे ३१६ ग्रेडचे स्टेनलेस स्टील अधिक टिकते. डेंग्यूचा डास दिवसा चावतो, तेव्हा रात्रीच्या मच्छरदाणीवर भागत नाही. जाळी चौकटीपासून सुटली असेल किंवा कोपऱ्यात फाटली असेल, तर आजच दुरुस्त करा. आणि शौचालयाच्या व्हेंट पाइपच्या तोंडाला जाळी बांधायला विसरू नका. सेप्टिक टँकमधले डास तिथूनच बाहेर पडतात.