म्हैसमाळवर घर बांधायचे तर

शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीत कामानिमित्त आलेल्या पाहुण्याला रविवार मोकळा मिळाला, की त्याची गाडी खुलताबाद-वेरूळच्या रस्त्याला लागते आणि पुष्कळदा वर म्हैसमाळपर्यंत जाते. हजार मीटरहून थोड्या अधिक उंचीच्या या पठारावर अतिथिगृह बांधायचे, तर ते स्थानिक पद्धतीचे असावे हे आता सगळेच म्हणतात. भांडण व्हायला हवे ते ‘स्थानिक’ म्हणजे काय यावर. काँक्रीटचा सांगाडा उभा करायचा, त्याला बाहेरून काळ्या दगडाच्या चिपा चिकटवायच्या आणि दर्शनी भागात बैलगाडीचे चाक टांगायचे, ही रीत सोपी आणि बऱ्यापैकी रूढ आहे. माझे म्हणणे असे, की मराठवाड्याच्या जुन्या घराकडून घेण्यासारखी मुख्य गोष्ट म्हणजे छताचे ओझे कुणी उचलायचे याचा त्याने घातलेला हिशोब. तो जमला तर रूप आपोआप येते. तो चुकला तर घर जीवघेणे ठरते.

ते जुने घर कसे उभे राहते ते आधी पाहावे. खणाच्या, म्हणजे लाकडी सांगाड्याच्या, चांगल्या घरात लाकडी खांब, त्यांवर तुळया, तुळयांवर सर, वर किलचन, त्यावर कडुनिंबाचा पाला आणि शेवटी पांढऱ्या मातीचा जाड थर. हे झाले माळवद. छताचा भार खांबांवरून जमिनीत जातो. दगडी भिंत ऊन, वारा आणि चोर अडवायला. जाड माती उन्हाची धग लगेच आत येऊ देत नाही, म्हणून मेच्या दुपारीही अशी खोली सुसह्य राहते. छतातले साणे उजेड आत घेते आणि धूर बाहेर सोडते. पण एक फूट जाडीच्या मातीचे वजन दर चौरस मीटरला सुमारे अर्धा टन भरते, आणि दरवर्षी पावसाळ्याआधी नवी माती पसरत गेले की ते वाढतच जाते.

इथे पहिला आणि सर्वांत गंभीर आक्षेप येतो: किल्लारी. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटेच्या भूकंपात लातूर-उस्मानाबादच्या गावांत दगडमातीची घरे कोसळली आणि जवळपास दहा हजार माणसे गेली. त्यानंतर दगडमातीचे नाव काढले तरी लोक दचकतात आणि त्यांचे दचकणे रास्त आहे. मात्र ढिगारे नीट पाहिले, तर दोष दगडाच्या जातीत नव्हता. भिंती दोन-अडीच फूट, कधी त्याहूनही जाड. आतला आणि बाहेरचा असे दोन पदर, मध्ये दगडगोट्यांची भरती, सांधायला नुसता चिखल, आणि दोन्ही पदरांना बांधून ठेवणारे आरपार दगड जवळजवळ नाहीतच. हादरा बसताच पदर फुगून सुटे झाले. जिथे छत भिंतीवरच टेकलेले होते तिथे तेही खाली आले. जिथे लाकडी खण शाबूत होते तिथे भिंती पडूनही छत पुष्कळदा वर राहिले. म्हणजे भूकंपाने परंपरेचा एक भाग नापास केला आणि दुसऱ्याला पुरेसे गुण दिले. त्याच वर्षीच्या भारतीय मानक 13828 मध्ये दगडी भिंतीची जाडी साधारण 45 सेंटिमीटरच्या आत ठेवणे, ठरावीक अंतरावर आरपार दगड घालणे आणि चौफेर आडवा पट्टा देणे असे उपाय सांगितले आहेत. यांतले आरपार दगड तर चांगले गवंडी पूर्वीपासून घालत; दाम वाचवण्याच्या नादात ते गळाले.

दुसरा आक्षेप पावसाचा, आणि तो मला मान्य आहे. माळवद हे पठारी, कमी पावसाच्या मुलखाचे छत. डोंगरमाथ्यावर वाऱ्यासकट सर आली की माती भिजून आणखी जड होते आणि गळतेही. तेव्हा म्हैसमाळवर माळवदाचा हट्ट धरणे म्हणजे परंपरेचे सोंग होईल. लाकडी खणांवर उतरते कौलारू छप्पर, पुढे रुंद पडवी आणि खाली ताशीव दगडाची भिंत, अशी सांगड बरी. लाकडाचा प्रश्न उरतोच. जुना सागवान वाडे पाडताना निघतो, पण तो सर्वांना पुरणार नाही. खांब पोलादी झाले तरी हिशोब तोच राहतो.

गिलाव्यासाठी मात्र लांब जायला नको. वेरूळच्या लेण्यांतल्या गिलाव्यात माती-चुन्यासोबत भांगेच्या झाडाचे तंतू सुमारे दहा टक्के असल्याचे राजदेव सिंह आणि मिलिंद सरदेसाई या अभ्यासकांनी 2016 मध्ये दाखवले. कीड आणि दमटपणा यांपासून तो गिलावा वाचला याचे श्रेय ते या तंतूंना देतात. आज भांगेच्या लागवडीवर कायद्याची बंधने आहेत. अंबाडीचा वाख गिलावा तडकू नये म्हणून चालेल. कीड दूर ठेवण्याचा गुण त्यात असेल असे मात्र धरून चालू नये. चुना मळायला घाणी लागते, मुरायला वेळ लागतो, आणि तो वेळ ठेकेदाराच्या वेळापत्रकात नसतो. खर्चाचा आक्षेप घेणारे बहुधा हाच वेळ मोजत असतात. दगड घडवणारे वडार कारागीर याच मुलखात आहेत. त्यांना चिपा चिकटवण्यापेक्षा हे काम जास्त दिवस मिळेल.

म्हणून अशा अतिथिगृहाचा आराखडा कुणी पुढे ठेवला, तर रंगीत चित्र बाजूला सारून भिंतीचा उभा छेद मागावा. त्यात आरपार दगड आणि छताचा भार पेलणारे खांब दिसले नाहीत, तर त्या आराखड्यावर सही करू नये.