एमआरआयमध्ये ‘गाठ’ आली म्हणजे कॅन्सरच का? मेंदूची गाठ डोळ्यांना कशी दिसते, सूक्ष्मदर्शकाखाली काय कळतं

बारामती / इंदापूर : फिट आली म्हणून पेशंटला दवाखान्यात नेलं, एमआरआय केला आणि रिपोर्टमध्ये ‘गाठ’ हा शब्द आला, की घरात रडारड सुरू होते. संध्याकाळपर्यंत वाडी-वस्तीवर ‘ब्रेन ट्यूमर झालाय’ अशी चर्चा पोचते. पण एमआरआय हे बाहेरून काढलेलं चित्र आहे. गाठ नेमकी कशाची, हे बऱ्याचदा तिचा तुकडा तपासल्यावरच पक्कं होतं.

मुळात प्रत्येक गाठ ट्यूमर नसते. आपल्या देशात मेंदूत टीबीची गाठही होते. ती कापली तर मधला भाग पनीरसारखा पिवळट-पांढरा दिसतो. दुसरी असते फीतकृमीच्या अळीची, पाण्याने भरलेली छोटी पिशवी. ‘आम्ही माळकरी, आम्हाला कसं होईल?’ असं अनेक जण विचारतात. या जंताची अंडी माणसाच्या विष्ठेतून पाण्यात, भाजीवर आणि न धुतलेल्या हातांवर येतात, त्यामुळे शाकाहारी माणसालाही हा आजार होतो. या दोन्ही गाठी बहुतेक वेळा गोळ्यांवर बऱ्या होतात.

आता खऱ्या ट्यूमरकडे येऊ. मेनिंजिओमा ही गाठ मेंदूत नाही, तर मेंदूवरच्या आवरणात वाढते. ती टणक, रबरासारखी, कडा स्पष्ट असलेली असते; मेंदूला बाजूला ढकलते, पण सहसा आत घुसत नाही. शेतात अर्धवट रुतलेला धोंडा जसा अख्खा उपसता येतो, तशी सोयीच्या जागी असेल तर ती पूर्ण निघते. सूक्ष्मदर्शकाखाली तिच्या पेशी भोवऱ्यासारख्या गोल गुंडाळलेल्या दिसतात, कधी मध्ये चुन्याचे बारीक कणही असतात.

ग्लिओब्लास्टोमाचं तसं नाही. तो हरळीसारखा. वर दिसतो तेवढाच नसतो, मुळ्या लांबवर गेलेल्या असतात. कापल्यावर कुठे पिवळा मेलेला भाग, कुठे रक्त साकळलेलं, आणि चांगला मेंदू कुठे सुरू होतो ते डोळ्यांना कळत नाही. सूक्ष्मदर्शकाखाली वेड्यावाकड्या पेशी, भराभर होणारं विभाजन, मेलेल्या भागाभोवती दाटीने उभ्या राहिलेल्या पेशी आणि नव्याने फुटलेल्या रक्तवाहिन्या दिसतात. सर्जनने सगळं काढलं तरी रेडिएशन आणि केमो का सांगतात, त्याचं उत्तर या मुळ्यांत आहे.

लहान मुलांच्या लहान मेंदूत, म्हणजे डोक्याच्या मागच्या भागात, दोन गाठी एकाच जागी होऊ शकतात. पायलोसायटिक अ‍ॅस्ट्रोसायटोमा ग्रेड 1 चा. बऱ्याच मुलांना नुसत्या ऑपरेशनने बरं वाटतं. मेडुलोब्लास्टोमा ग्रेड 4 चा, निळ्या-जांभळ्या बारीक पेशींनी गच्च भरलेला. त्याला पुढचे उपचार लागतातच, पण ते पूर्ण घेतले तर यातलीही अनेक मुलं बरी होतात. जागा तीच, लक्षणं तीच, फरक सांगते ती काचपट्टी.

इथेच घोटाळा होतो. मेंदूच्या ट्यूमरला सहसा ‘स्टेज’ नसते, 1 ते 4 ‘ग्रेड’ असते. ग्रेड म्हणजे पेशी किती आक्रमक आहेत त्याचं माप. रिपोर्टवर आकडा पाहून ‘शेवटची स्टेज’ असा अर्थ काढू नये. उलट ग्रेड 1 म्हणजे बिनधास्तही नव्हे. कवटी बंद डबा आहे, साधी गाठही आत दाब वाढवते.

ऑपरेशन चालू असताना तुकड्यावरून मिळतो तो फक्त अंदाज. पक्क्या रिपोर्टसाठी तुकडा फॉर्मॅलिनमध्ये मुरवतात, मेणात बसवतात, केसाहून बारीक काप काढून गुलाबी-जांभळा रंग देतात. याला काही दिवस लागतात. ‘डॉक्टर लपवतात’ असं त्यात काही नसतं. 2021 च्या जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणानुसार आता काही गाठींत आयडीएचसारख्या जनुकांची तपासणीही लागते, त्यामुळे आणखी वेळ जातो.

हा मेणाचा तुकडा, म्हणजे ‘ब्लॉक’, आणि काचपट्ट्या फार मोलाच्या. पुण्याला ससूनला किंवा मुंबईला टाटाला पाठवलं तर तिथले डॉक्टर त्या पुन्हा तपासायला मागू शकतात. ब्लॉक नसेल तर नवी तपासणी अडते. त्यामुळे डिस्चार्ज घेतानाच ब्लॉक कुठल्या लॅबमध्ये आहे आणि त्याचा नंबर काय, हे फाईलवर लिहून घ्यावं. ब्लॉक हातात मिळाला तर उन्हात, गाडीच्या डिकीत ठेवू नये, मेण वितळतं.