बॉक्स भरला, पुढे काय?

एप्रिल 2015. कॉलेजच्या सुट्टीत पॉकेटमनीसाठी मी पुण्यातल्या एका कंपनीत डेटा एन्ट्री करत होते. शनिवारी, 25 तारखेला नेपाळ हादरलं आणि सोमवारी रिसेप्शनपाशी भलामोठा डोनेशन बॉक्स हजर! दोन दिवसांत तो ओसंडून वाहायला लागला. जीन्स, पार्टीवेअर टॉप्स, एक हाय हील सँडल... तीही एकाच पायाची! फोटो निघाले, मेल फिरला, सगळ्यांना एकदम कूल वाटलं. मलाही.

आम्हाला चहा देणारा दादा नेपाळचाच, गोरखा जिल्ह्यातला. भूकंपाचा केंद्रबिंदू तिथलाच. त्याचं घर पडलं होतं. त्याला हवी होती पंधरा दिवसांची रजा आणि महिन्याच्या पगाराची उचल. 'तो कॉन्ट्रॅक्टरचा माणूस, आपल्या पे-रोलवर नाही,' असं उत्तर मिळालं. तो नोकरी सोडून गेला. बॉक्स मात्र जूनपर्यंत तिथेच होता.

मग कंपन्यांनी करायचं तरी काय? फंडा सोपा आहे. जे काम तुम्हाला रोज जमतं, तेच द्या! काठमांडूच्या विमानतळाला धावपट्टी एकच. जगभरातून मदत आली, की ती उतरवायची आणि ठेवायची कुठे, हाच मोठा प्रश्न. तिथे डीएचएलने आपली प्रशिक्षित माणसं पाठवली. माल हाताळणं हाच त्यांचा धंदा ना! 2022 मध्ये युक्रेनमधून लोंढे निघाले, तेव्हा एअरबीएनबीने एक लाखापर्यंत निर्वासितांच्या फुकट राहण्याची सोय जाहीर केली. त्यांचा धंदाच तो!

आता आपल्याकडची गंमत. 2013 च्या कंपनी कायद्यानुसार ठरावीक मर्यादेवरच्या कंपन्यांना गेल्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्यातले 2 टक्के सीएसआरवर खर्चावे लागतात. पण खेळाडूंच्या ट्रेनिंगसारखा अपवाद सोडला, तर देशाबाहेर केलेलं काम त्यात धरत नाहीत. म्हणजे परक्या देशातल्या संकटात मदत करायची, तर ती या हिशेबाबाहेरच. इथेच कंपनीची खरी नियत कळते, नाही का?

दादाची उचलही कुठल्या सीएसआर रिपोर्टात चमकली नसती. पण त्याची नोकरी टिकली असती.

तेव्हा पुढच्या वेळी ऑफिसात बॉक्स दिसला, तर जुने कपडे शोधण्याआधी एचआरला एवढंच विचारा, 'आपल्याच फ्लोअरवर तिथलं कोणी आहे का?' मी तेव्हा विचारलं नव्हतं.